उतरतं छत

गाडी मी बोटांनी वाचतो.
बावीस वर्षं डेंटिंग केलं अजिंठा चौफुलीजवळच्या शेडमध्ये,
आता बँकवाले बोलावतात, किंमत सांगायला.
रंगाची जाडी मोजायचं यंत्र आहे खिशात,
पण आधी पेर आपटतो पत्र्यावर.
पुट्टी भरलेला दरवाजा
खालच्या आवाजात खोटं बोलतो.

ही बोलली नाही खोटं.
सावद्याला, केळी पिकवायच्या चेंबरांसमोर,
पंचेचाळीस डिग्रीच्या दुपारी
उभी होती काळपट निळी,
पुढून रेडा, मागून मासोळी.
ड्रायव्हरच्या डोक्यापर्यंत छत ताठ,
तिथून पुढे असं उतरत गेलेलं
जशी घडाच्या वजनाने केळ कलते
आणि कोणी टेकूच दिलेला नाही.

"जीप म्हणायची का मोटार?" मी विचारलं.
"स्पोर्ट," हेमराज वारके म्हणाले,
आणि बाजूला जाऊन फोनवर
रावेरचा भाव विचारत राहिले.

लिहून घेतलं:
टायर एकवीस इंची, निम्मे झिजलेले
(नवे घेतले तर दोन टायरांत एक दुभती म्हैस).
डिकी दिसायला ऐटदार;
केळीचं खोकं आडवंच ठेवा, उभं काच लावू देत नाही.
मागच्या काचेतून रस्ता दिसतो
पत्रपेटीच्या फटीएवढा.
इंजिन मात्र, काय सांगू,
तापीच्या पुलावर जरासं पाय दिला
तर पाणी बघायच्या आत पाणी संपलं.
वळणावर झुकत नाही, हट्टी आहे,
आणि पिंपरुड फाट्याचा खड्डा
तिने जसाच्या तसा माझ्या मणक्यात उतरवला.

मग मागे बसलो.
मी पाच फूट तीन. डोक्यावर चार बोटं मोकळी.
लिहिलं: मागची बैठक, उत्तम.
पान टेकवायला मान वर केली
तेव्हा दिसला डाग.
डाव्या बाजूला, छताच्या फिक्या अस्तरावर,
रुपयाएवढा, कडेला पिवळसर,
खोबरेल तेलाचा.
हात लावला. मऊ होता तिथला कपडा,
दुसरीकडे कुठे नव्हता तेवढा.

"अप्पांचा," हेमराज म्हणाले. फोन ठेवला होता त्यांनी.
"सहा फूट एक. टोपी बसायची नाही आत,
काढून मांडीवर घ्यायचे.
मंगळवार, गुरुवार, शनिवार, जळगावला डायलिसिस.
दीड वर्ष."
मग हसले थोडं.
"पहिल्याच दिवशी म्हटले होते,
गाडी चांगली हाये भो,
पन मान खाले घालनी पडते.
मला वाटलं, गंमत करतात.
तहसीलदारापुढं नाही घातली त्या माणसाने,
बागा गारपिटीत गेल्या तेव्हा नाही.
मी घ्यायला लावली, पंचाहत्तर लाखांची."

मी 'उत्तम' खोडलं.
काय लिहावं सुचेना, 'ठीक' लिहिलं, तेही खोडलं.
डागाचे आठ हजार वजा होतात, नियमाने;
तसं बोललो, कारण न बोललो असतो
तर दया केल्यासारखं झालं असतं.
"करा वजा," ते म्हणाले.
"धुवून निघतो म्हणे."
"निघतो. फेसाचा स्प्रे येतो."
दोघांपैकी कोणीच पुढे काही विचारलं नाही.

एकोणतीस लाख साठ हजार.
त्यांनी घासाघीस केली नाही,
केळीच्या व्यापाऱ्याने, बघा.
फक्त चावी माझ्याकडे दिली:
"शकूरभाई, अजून एक फेरी. फाट्यापर्यंत. तुम्हीच चालवा."
आणि मागे बसले, डावीकडे.

आरसा नीट करताना दिसलं:
तेही तेवढेच उंच.
मान पुढे काढून, हात मांडीवर पालथे,
जणू टोपी धरलीय.

बटण स्पोर्टवरून काढलं मी.
जाताना नऊ गतिरोधक, येताना नऊ;
एकेक असा उतरवला
जसं पिकत आलेलं केळं
एका हातातून दुसऱ्या हातात देतात.